सिमेंटची साय काढल्याशिवाय दगड दिसत नाही

घोडबंदर रोडने जाताना किंवा पाम बीच रोडच्या बाजूने नव्या संकुलांची प्रवेशद्वारं पाहत गेलं, की ठिकठिकाणी दगडी कमानी, दगडी खांब, दगडी कठडे दिसतात. त्यातला बराचसा दगड काँक्रीटचा असतो. नवं काम असेल तर शंभर फुटांवरूनच जाणवतं की हा दगड नव्हे. रंग बरोबर असतो, सांधेही असतात, तरी काहीतरी खटकतं. त्याचं कारण रंगात शोधणारे हमखास चुकतात. मग आणखी ऑक्साइड, म्हणजे सिमेंटमध्ये मिसळायची रंगाची पूड, घालतात आणि काम आणखी बिघडवतात.

साच्यातून काढलेल्या काँक्रीटच्या अंगावर सिमेंटच्या चिकाचा एक पातळ थर बसलेला असतो. जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर. दुधावर साय धरावी तसा. डोळ्याला दिसते ती ही साय. खडी, वाळू, जे काही मुळात दगडच आहे, ते सगळं तिच्या आड झाकलेलं. खऱ्या दगडाला साय नसते. तो फोडलेला किंवा टाकीने घडवलेला असतो आणि प्रत्येक कण वेगळ्या कोनातून उजेड परत टाकतो. म्हणून नकली दगडाचं अर्धं काम साय काढण्याचं किंवा ती मुळात धरूच न देण्याचं आहे. उरलेलं अर्धं पाण्याचं, त्यावर खाली बरंच लिहिलं आहे, कारण ठाण्यात पाऊसच बहुतेक कामांचा निकाल लावतो.

‘नकली’ या शब्दाने कुणी नाक मुरडू नये. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडमध्ये ज्या सिमेंटचं पेटंट घेतलं, त्या पेटंटचं शीर्षकच कृत्रिम दगड तयार करण्याच्या पद्धतीतील सुधारणा अशा अर्थाचं होतं. घट्ट झालेला माल पोर्टलंडच्या बेटावरच्या चुनखडीच्या दगडासारखा दिसतो म्हणून नाव पडलं पोर्टलंड सिमेंट. म्हणजे आपल्या साइटवर येणाऱ्या प्रत्येक गोणीवर एका दगडाचंच नाव छापलेलं असतं.

कोणता दगड करायचा?

आपल्याकडे पहिला मान काळ्या पाषाणाचा. ठाण्याचे, मुंब्र्याचे, पारसिकचे डोंगर सगळे बेसॉल्टचे, आणि इथल्या क्रशरमधून येणारी खडीही त्याचीच. अंबरनाथचं शिवमंदिर, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चं, याच जातीच्या दगडाचं. ते एकदा जवळून बघून यावं, कारण ‘काळा दगड’ म्हणून लोक जो रंग मागतात तो तिथे कुठेच नाही. कोरडा बेसॉल्ट राखाडी असतो, थोडी निळसर झाक असलेला. भिजला की काळा होतो. हवा खाल्लेल्या भागावर तांबूस तपकिरी पापुद्रा धरतो. टाकीचा घाव पडतो तिथे पांढुरका ओरखडा उठतो. काही थरांत बारीक पोकळ्या असतात, त्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे दाणे भरलेले. यातलं काहीच न करता नुसता काळाकुट्ट रंग दिला, की ती भिंत डांबर फासल्यासारखी दिसते.

दुसरी मागणी पिवळसर दगडाची, मुंबईच्या जुन्या इमारतींना लावलेल्या मालाड स्टोनसारखा. त्याखालोखाल राजस्थानी वाळूच्या दगडाचा गुलाबी किंवा बदामी रंग. कोकणी घराची हौस असणारे जांभा मागतात. जांभ्याची नक्कल मात्र शक्यतो करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याची भोकं खोल आणि वेडीवाकडी असतात, साच्यातून ती निघत नाहीत, आणि वरवर उठवली तर वीट भाजताना बिघडल्यासारखी दिसते. खरा चिरा रत्नागिरीकडून येतोच, तो आणावा.

वाळूचा दगड आणि चुनखडीसारखे बारीक कणांचे दगड कोरड्या मालात उत्तम उतरतात. बेसॉल्ट ओल्या मालात ओतून नंतर टाकीने घडवलेला बरा. दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत आणि एकीचे नियम दुसरीला लावले की फसगत होते.

कोरडा माल

यात माल ओतत नाहीत, साच्यात ठासतात. ओलावा कुंभाराच्या मातीपेक्षाही कमी, पावसानंतर दोन दिवसांनी कुंडीतली माती असते तेवढा. कसोटी मुठीची. मूठभर माल घट्ट दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत आणि तळहात जेमतेम दमट झाला पाहिजे. गोळा सुटून पडला तर पाणी कमी. तळहाताला चिक लागला तर जास्त, आणि मग त्यावर साय धरणारच. या पद्धतीत पाणी इतकं कमी असतं की चिक वर यायला वावच नसतो. ठासलेला तुकडा साच्यातून लगेच काढता येतो आणि त्याच वेळी तो घासलेल्या वाळूच्या दगडासारखा दिसतो. ठासायचं काम नीट झालं असेल तर पुढे पृष्ठभागावर काहीच करावं लागत नाही.

खिडकीच्या उंबऱ्याचं उदाहरण घेऊ. लांबी १.२ मीटर, रुंदी २५ सेंमी, जाडी १० सेंमी. आकारमान ३० लिटर, तयार वजन ६५ किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला दोन माणसं. वरची आणि दर्शनी बाजू साधारण २० मिमी जाडीच्या चांगल्या मालाची, पोटात साधा माल. दर्शनी मालासाठी ४ किलो पांढरं सिमेंट आणि साडेतेरा किलो फोडलेल्या फिकट दगडाची कच, सगळी ४.७५ मिमीच्या चाळणीखालची, त्यात साधारण एक तृतीयांश बारीक. मालाड स्टोनच्या जवळ जायचं तर ८० ग्रॅम पिवळं ऑक्साइड आणि १५-२० ग्रॅम तपकिरी इथपासून सुरुवात करून नमुने काढावेत. पोटातल्या मालाला ९ किलो करडं सिमेंट, ३८ किलो वाळू आणि बारीक खडी. सिमेंट लिटरवर मोजू नये. घमेल्याच्या मापाने तर नाहीच, घमेलं भरणारा बदलला की रंग बदलतो.

आता पाणी. दोन्ही मिळून १३ किलो सिमेंट, त्याला सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. जुलैत उघड्यावरची वाळू ५ टक्के ओलावा सहज धरते. २५ किलो वाळू असेल तर सव्वा लिटर पाणी ती आपल्याबरोबरच घेऊन आली. मिस्त्रीने नेहमीचं माप ओतलं की माल ओला झाला, तुकडा साच्याला चिकटला आणि सुटला तो चिकट चकाकी घेऊन. मे महिन्यात पाडलेले आणि जुलैत पाडलेले उंबरे शेजारी ठेवले तर वेगळ्या दगडाचे वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. वाळू आणि कच ताडपत्रीखाली ठेवायची आणि रोज सकाळी एक किलो वाळू तव्यावर कोरडी करून पुन्हा तोलायची. दहा मिनिटांचं काम आहे.

साच्यात आधी दर्शनी माल, मग लगेच पोटातला. थर ४०-५० मिमीचे, प्रत्येक थर ठासून झाल्यावर वरून तारेच्या ब्रशने खरवडायचा, तेव्हाच पुढचा धरतो. दर्शनी थर ठासून ठेवला आणि चहाला गेले, तर परत येईपर्यंत तो आकसायला लागलेला असतो. असा तुकडा वर्ष-दोन वर्षं नीट दिसतो आणि मग बिस्किटाचा थर सुटावा तसा दर्शनी भाग सुटून येतो. हातोडीच्या मुठीने ठोकून पाहावं. पोकळ वाजला की तो थर कधीतरी पडणार आहे असं समजावं.

साच्याला शटरिंग प्लाय चालतो, नक्षीला फायबर किंवा सिलिकॉन रबर. ताठ साच्याच्या कडा थोड्या उघडत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर तुकडा कोपऱ्यात फाटतो. जळकं इंजिन ऑइल मात्र या कामाला अजिबात नको. स्लॅबच्या शटरिंगला ते खपून जातं, कारण वरून गिलावा येतो. इथे पांढऱ्या सिमेंटवर तपकिरी डाग उठतो आणि तो ब्रशने जात नाही.

साच्याबाहेर काढलेला तुकडा पहिले २४ तास प्लास्टिकच्या तंबूत ठेवायचा. प्लास्टिक अंगाला टेकलं की टेकलेल्या जागी गडद चट्टा पडतो, म्हणून काठ्यांवर ताणायचं. गोणपाटही नको. ताग ओला झाला की त्याचा तपकिरी रंग पांढऱ्या सिमेंटमध्ये उतरतो. त्यानंतर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा. मात्र पाइपने फवारा मारायचा नाही, धुकं धरल्यासारखं पाणी हवं.

तयार माल विकत घेणार असाल तर तपासायला सोपी एक गोष्ट आहे. कृत्रिम दगडाच्या अमेरिकी मानकात, एएसटीएम सी १३६४ मध्ये, २८ दिवसांची ताकद किमान ४५ मेगापास्कल आणि थंड पाण्यात भिजवल्यावर शोषण जास्तीत जास्त ६ टक्के मागितलं आहे. ताकदीला प्रयोगशाळा लागते, शोषणाला वजनकाटा पुरतो. पूर्ण वाळवलेला तुकडा २ किलो असेल तर २४ तास बुडवून पुसून २.१२ किलोच्या आत राहिला पाहिजे. २.२ भरला तर त्या दगडावर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरेल. पुरवठादाराला हे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, तेही पाहण्यासारखं असतं.

ओला माल आणि साय

ओला माल म्हणजे नेहमीचं काँक्रीट, फक्त खडी निवडलेली. बेसॉल्ट करायचा तर पांढरं सिमेंट लागत नाही, करडंच बरं. खडी ६ ते १० मिमीची, क्रशरची कच धुऊन घेतलेली. न धुतलेल्या कचेत दगडाची पूड फार असते. ती सगळा चिक गढूळ करते, पाणी जास्त मागते आणि आकसून केसासारख्या भेगा पाडते. बरणीत कच आणि पाणी हलवून तासभर ठेवलं की पुडीचा थर वर वेगळा बसतो. तो नजरेत भरण्याइतका जाड असेल तर धुवायचंच. लॉस एंजेलिसमधल्या एनिस हाउसचा धडा इथे आठवावा. अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९२४ साली तिथे जागेवरच्याच भुसभुशीत ग्रॅनाइटची रेती काँक्रीटमध्ये घालून १६ इंची नक्षीदार ठोकळे पाडले. रंग जमिनीशी छान मिळाला. पण त्या रेतीतली घाण ठोकळ्यांना पोखरत गेली, आतले गज गंजले, आणि पुढे दुरुस्तीत मूळ बांधकामाच्या कित्येक पट पैसा गेला. स्थानिक दगड वापरणं ही चांगली कल्पना आहे, न धुता वापरणं ही नाही.

साय काढायच्या चार वाटा आहेत. सगळ्यात हलकी म्हणजे साच्याला आतून रिटार्डर, म्हणजे सिमेंटचं आवळणं लांबवणारं द्रव्य, लावणं. त्यामुळे आतला माल आवळतो, अंगावरचा थर कच्चा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी साचा काढून नायलॉनच्या ब्रशने पाण्यासकट घासला की कच्चा चिक वाहून जातो, खडीचं तोंड उघडं पडतं. साखर हाही रिटार्डरच. सिमेंटला थोडीशी साखर लागली तरी ते आवळायला फार उशीर लावतं. पण साखरेचा पाक साच्यात ओघळतो, तळाशी जास्त साठतो आणि तिथे खडी निखळून पडते. तयार रिटार्डर किती मिलिमीटर खोल खाणार हे ठरवूनच मिळतं, तेच घ्यावं. घासण्याची वेळ नेमकी साधावी लागते. १६ ते २४ तासांच्या मधली. थंडीत थोडी पुढे, एप्रिलमध्ये थोडी अलीकडे. लवकर घासलं तर खडी हलते, उशीर झाला तर साय दगडच होऊन बसते.

दुसरी वाट ॲसिडची. एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड, १५ ते २० भाग पाणी. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. तुकडा आधी पाण्याने पूर्ण भिजवायचा, नाहीतर ॲसिड आत शोषलं जातं आणि महिन्यांनी पिवळट डाग फुटतात. मग ब्रशने लावून, फेस थांबला की भरपूर पाण्याने धुवायचं. बेसॉल्टच्या खडीला ॲसिड फारसं काही करत नाही. पण संगमरवराची किंवा चुनखडीची कच घातली असेल तर ॲसिड सिमेंटबरोबर तिलाही खातं आणि पृष्ठभाग किड लागल्यासारखा होतो. तिथे ही वाट बंद. हातमोजे, चष्मा, उघडी हवा आणि शेजारच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या झाकलेल्या, एवढं नसेल तर ॲसिडला हात लावू नये.

तिसरी सँडब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूचा झोत मारणं. मोठ्या पृष्ठभागाला चांगली, सोसायटीच्या आवारात धुळीमुळे अशक्यच.

चौथी टाकीची. काळ्या दगडाला आमच्या मते हीच खरी. काँक्रीट किमान तीन आठवड्यांचं झालं, की दातेरी हातोड्याने, म्हणजे बुश हॅमरने, किंवा हातटाकीने अंगावरचे ३ ते ६ मिमी फोडून काढायचे. खडी दुभंगते, आतली ताजी राखाडी बाजू बाहेर येते, पांढुरके ओरखडे उठतात, आणि मघाशी सांगितलेला बेसॉल्टचा रंग कुठलंही ऑक्साइड न घालता आपोआप मिळतो. दगड फोडून खडी केली, खडीचा पुन्हा दगड केला आणि तो पुन्हा फोडला, असा हा उलटा प्रवास. काँक्रीट कच्चं असताना हातोडा लावला तर खडी फुटण्याऐवजी उखडते आणि खळगे राहतात. कडेला हातोडा नेऊ नये, २५-३० मिमीची पट्टी सोडावी, नाहीतर कंगोरा तुटतो. पाथरवटही घडीव दगडाला कडेची पट्टी सोडतातच, त्यामुळे हे खोटंही दिसत नाही. या कामाला ज्याने खरा दगड घडवला आहे तो वडारी कारागीर मिळाला तर त्यालाच बोलवावं. यंत्राचे घाव एका अंतराने पडतात, हाताचे नाही, आणि डोळ्याला तो फरक लगेच कळतो.

रंगाबद्दल थोडं. ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या टक्क्यात मोजायचं. ५-६ टक्क्यांनंतर रंग फारसा वाढत नाही, पैसे मात्र वाढतात, आणि १० टक्क्यांच्या वर जायचंच नाही. लाल, पिवळं, काळं लोखंडाचं ऑक्साइड टिकतं. काजळीचा काळा रंग सुरुवातीला फार सुंदर दिसतो, पण तो इतका बारीक असतो की पावसाने हळूहळू धुतला जातो. रांगोळीच्या दुकानातले रंग तर सिमेंटच्या क्षाराने महिन्यातच विटतात. सिमेंटची गोणी बदलली की रंग बदलतो, विशेषतः फ्लाय ॲशच्या सिमेंटमध्ये, म्हणून एका दर्शनी बाजूला लागणारं सगळं सिमेंट एकाच खेपेचं उचलावं. स्लॅग सिमेंटचा तुकडा साच्यातून काढल्यावर कधी कधी हिरवट निळा दिसतो. घाबरून रंग फासू नका, हवा लागली की तो जातो.

लोणा आणि गंज

पांढरे पट्टे, पांढरी बुरशी, मीठ फुटलं, लोणा लागला, वगैरे वगैरे. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. एक सिमेंटचा स्वतःचा चुना. तो ओलाव्याबरोबर बाहेर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर होतो. पाण्याने जात नाही, पातळ ॲसिडने किंवा काही पावसाळ्यांनी जातो. ताजा तुकडा पहिल्या आठवड्यात पावसात राहिला की हा हमखास येतो. म्हणून जून ते सप्टेंबर काम छपराखालीच. दुसरा खरा खार, वाळूतून किंवा पाण्यातून आलेला. तो जिभेला खारट लागतो, पाण्याने धुतला जातो आणि पुढच्या कोरड्या हवेत पुन्हा फुटतो. खाडीची वाळू आणि खाडीकाठच्या बोअरचं पाणी ही त्याची नेहमीची घरं. या कामाला पाणी नळाचंच हवं.

खाडीजवळ लोखंडाचाही प्रश्न आहे. पातळ कठड्यात, नक्षीच्या कंसात गज घालायची सवय असते. गज गंजला की फुगतो, काँक्रीट फोडतो, आणि तपकिरी ओघळ आला की तो दगड आहे यावर कुणाचाही विश्वास उरत नाही. ज्या तुकड्याला भार पेलायचा नाही त्यात लोखंड घालूच नये. उचलताना तुटू नये एवढ्यासाठी हवं असेल तर स्टेनलेसचं, आणि दर्शनी बाजूपासून ४० मिमी आत. मोठे पातळ कंगोरे हवे असतील तर जीआरसी, म्हणजे काचतंतू घातलेलं काँक्रीट, घ्यावं. १०-१५ मिमी जाडीच्या सिमेंटमध्ये वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास काचतंतू फवारलेले असतात. ते तंतू क्षाराला टिकणारे, झिर्कोनियावाल्या काचेचेच पाहिजेत. साधी फायबरग्लासची काच सिमेंट काही वर्षांत खाऊन टाकतं, आणि वरून ते कळतही नाही.

पाणी कुठून जातं

ठाण्याचा पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि बराचसा नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आडवा. उंबरा सपाट बसवला, खाली खाच नाही, की भिंतीवर दोन्ही टोकांखाली काळ्या मिशा फुटतात. खऱ्या दगडालाही फुटतात, पण नकली दगड जास्त पाणी पितो म्हणून लवकर.

उंबऱ्याला वरून बाहेरच्या बाजूला उतार हवा, २५ सेंमी रुंदीला ३ सेंमी तरी. भिंतीपासून ४०-५० मिमी पुढे यायला हवा. खालच्या बाजूला बाहेरच्या कडेपासून २०-२५ मिमी आत, १०-१२ मिमी रुंद आणि तितकीच खोल खाच. वरून आलेलं पाणी कडेवरून खाली वळतं, खाचेपाशी अडतं आणि तिथून थेंब होऊन पडतं. ही खाच साच्यातच घालायची, लाकडी पट्टीने. नंतर कटरने मारलेली खाच वाकडी जाते आणि कड तोडते. टोकाला भिंतीत जाण्याच्या ३०-४० मिमी अलीकडे खाच थांबली पाहिजे, नाहीतर तीच पाणी भिंतीत नेते. हे शेवटचं वाक्य नकाशात सहसा नसतं आणि अर्धी ओल तिथूनच येते.

बसवताना उंबऱ्याच्या फक्त दोन टोकांखाली माल टाकायचा. मध्ये मोकळं. भिंत बसली, सुकली, की मग मधली दरज भरायची. सगळीकडे घट्ट माल भरून बसवलेला उंबरा भिंतीच्या हालचालीत बरोबर मधोमध तडकतो. सव्वा मीटरपेक्षा लांब तुकडा एकसंध करू नये. काँक्रीट मीटरमागे अर्धा मिलिमीटरपर्यंत आकसतं, ते कुठेतरी दिसणारच. दरजेचा माल दगडापेक्षा कमजोर हवा, एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा. मिस्त्री मजबुतीच्या हौसेने एकास तीन भरतात, मग दरज टिकते आणि दगडाची कड फुटते. लांब भिंतीत दर ६ मीटरला हलता सांधा. उन्हाने ३० अंशांचा फरक पडला तर ६ मीटरची भिंत जवळजवळ २ मिमी हलते. त्या सांध्यात डाग न पाडणारं सिलिकॉन, कारण साध्या सिलिकॉनचं तेल दगडात पसरून सांध्याच्या दोन्ही बाजूंना कायमची ओली दिसणारी पट्टी राहते.

पाणी झटकणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रव्य २८ दिवसांनंतर, भिंत पूर्ण कोरडी असताना, म्हणजे इथे डिसेंबर ते मे. चकाकणारं ॲक्रिलिक लावलं की आतला ओलावा कोंडतो, पापुद्रे सुटतात, आणि इतक्या मेहनतीने काढलेली साय आपण डब्यातून पुन्हा फासलेली असते.

भिंतीला चिकटवायचा तयार दगड

रबरी साच्यात हलक्या खडीचं काँक्रीट ओतून केलेले, बॉक्सात मिळणारे तुकडे, यांचं गणित वेगळं. मोठा फायदा वजनाचा. ३० मिमी बेसॉल्ट चौरस मीटरला ८५ किलोच्या पुढे, हा हलका माल ४५ किलोच्या आसपास. तोटा असा की रंग फक्त अंगावर असतो, कापलेली कड राखाडी दिसते, म्हणून कोपऱ्याचे तुकडे वेगळे घ्यावेतच. साचे किती वेगवेगळे आहेत हे आधी विचारा. सात-आठ साच्यांत केलेली भिंत एकदा तोच खळगा दोनदा दिसला की संपली. चार-पाच बॉक्स एकदम उघडून, जमिनीवर मांडून, मगच लावावेत.

आरसीसीला आधी टाचे मारायचे, म्हणजे टोचून पृष्ठभाग खडबडीत करायचा, वीट आणि काँक्रीटच्या जोडावर जाळी, मग गिलावा रांधून खरखरीत ठेवायचा. चिकटवण्याचा माल भिंतीलाही आणि तुकड्याच्या पाठीलाही लावायचा. पाच-सहा गोळे टाकून दाबलेला तुकडा मागे पोकळ राहतो, पोकळीत पाणी साठतं. डोक्यावरच्या उंचीच्या पुढे नुसत्या चिकट मालावर भरवसा ठेवू नये, स्टेनलेसचे चाप हवेत, खाडीकाठी ३१६ ग्रेडचे. खाली माणसं चालत असतात.

नमुना आणि दुरुस्ती

नमुना हातभर नको, किमान एक मीटर बाय एक मीटर, दरजेसकट, ज्या दिशेच्या भिंतीला लागणार त्या दिशेला उभा. कोरडा बघा, भिजवून बघा, पुन्हा वाळल्यावर बघा. शक्य असेल तर एक पावसाळा तसाच राहू द्या. वास्तुविशारद आणि मालक दोघांनी त्यावर तारीख घालून सही करावी आणि काम संपेपर्यंत तो कुणी हलवू नये.

कंगोरे तुटतातच. दुरुस्तीचा माल मूळ मालासारखाच केला तरी तो गडद किंवा फिकट दिसतो, कारण हाताने लावताना पाणी वेगळं जातं. म्हणून मूळ कोरडं मिश्रण, सिमेंट आणि ऑक्साइडसकट पण पाण्याशिवाय, पाच-दहा किलो हवाबंद डब्यात राखून ठेवतात. सिमेंट जुनं होतं म्हणून डब्यावर तारीख टाकायची आणि सहा महिन्यांनी सिमेंट बदलायचं, कच तीच. तुटलेली जागा चौकोनी कापून, भिजवून, मुठीच्या कसोटीचा माल ठासायचा, थापीने गुळगुळीत करायचा नाही. थापी फिरली की साय आली. ओल्या स्पंजाने टिपून, दुसऱ्या दिवशी शेजारच्या दगडासारखेच घाव घालायचे.